पाणीपट्टीत सवलत, पण नळच नसेल तर?

शहरांतील गरीब कुटुंबांना पाण्याचे बिल परवडावे यासाठी सरकारने काही भार उचलावा, या विचाराला आता देशात फारसा विरोध उरलेला नाही. दिल्लीने २०१५ मध्ये आणि हैदराबादने २०२१ मध्ये प्रत्येक कुटुंबाला दरमहा वीस हजार लिटर पाणी मोफत देण्याचा निर्णय अमलात आणला. निवडणुकांच्या जाहीरनाम्यांत मोफत पाण्याचे आश्वासन आता नित्याचे झाले आहे. मात्र ही मदत नेमकी कोणाच्या घरी पोहोचते, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी होते.

बिलात दिलेली सवलत ज्याच्या नावावर बिल निघते त्यालाच मिळते, आणि शहरांतील सर्वांत गरीब कुटुंबांच्या नावावर बहुधा बिलच निघत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातील सुमारे ७१ टक्के घरांनाच घराच्या आवारात पाण्याची सोय होती. उरलेली कुटुंबे सार्वजनिक नळावर, टँकरवर, शेजाऱ्याच्या जोडणीवर किंवा विकतच्या पाण्यावर अवलंबून होती. गेल्या दशकात या चित्रात सुधारणा झाली असली, तरी पाण्याच्या अनुदानाचे राजकारण आणि अर्थकारण समजून घेताना आरंभ याच कुटुंबांपासून करावा लागतो.

दिल्लीचा प्रयोग

अरविंद केजरीवाल यांच्या पहिल्या सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये सत्तेवर येताच १ जानेवारी २०१४ पासून मीटर असलेल्या घरांना दररोज सुमारे ६६७ लिटर पाणी मोफत देण्याची घोषणा केली. ते सरकार दोन महिन्यांच्या आतच पायउतार झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मोठ्या बहुमताने सत्तेवर परतल्यानंतर आम आदमी पक्षाने १ मार्चपासून ही योजना पुन्हा सुरू केली. वीस हजार लिटरपर्यंतच्या वापराचे बिल शून्य झाले आणि त्याची भरपाई दिल्ली सरकारने आपल्या अर्थसंकल्पातून दिल्ली जल बोर्डाला करावी, असे ठरले.

योजनेला दोन अटी होत्या. पहिली अट चालू स्थितीतील मीटरची आणि दुसरी मर्यादेची. महिन्याचा वापर वीस हजार लिटरच्या पुढे गेल्यास केवळ जादा पाण्याचे नव्हे, तर पहिल्या लिटरपासूनचे संपूर्ण बिल भरावे लागे. या अटींमागील हेतू उघड होता. लोकांनी मीटर बसवावेत, पाणी जपून वापरावे आणि सवलतीचा लाभ चैनीच्या वापराला मिळू नये, अशी सरकारची अपेक्षा होती.

या योजनेने अनेक कष्टकरी आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांना खरा दिलासा दिला, हे मान्य करावे लागेल. महिन्याकाठी वाचणारे दोनतीनशे रुपये ज्या घरात भाजीपाल्याला किंवा मुलांच्या वह्यांना उपयोगी पडतात, तेथे या सवलतीचे मोल शहरातील सुखवस्तू टीकाकारांना वाटते त्याहून अधिक असते. तरीही योजनेचा हिशेब बारकाईने मांडला असता तिच्यातील काही उणिवा समोर येतात.

वीस हजार लिटरांचा हिशेब

महिन्याला वीस हजार लिटर म्हणजे दिवसाला सुमारे ६६७ लिटर. पाच जणांच्या कुटुंबात हे प्रमाण माणशी १३३ लिटर पडते. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी देशात माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. ते पाहता पाच जणांसाठी ही मर्यादा योग्यच म्हणावी लागेल. पण त्याच मीटरवर नऊ माणसे राहत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७४ लिटर येतात.

दाट वस्तीतील घरांमध्ये अशी स्थिती अपवादात्मक नसते. एकाच घरात दोन भावांचे संसार असतात, वरच्या खोलीत भाडेकरू असतात आणि मीटर मात्र घरमालकाच्या नावावर एकच असतो. अशा मीटरवरचा वापर मर्यादा सहज ओलांडतो. २०१८ च्या दरांनुसार वीस हजार लिटर वापरणाऱ्याचे बिल शून्य होते, तर एकवीस हजार लिटर वापरणाऱ्याला स्थिर आकार आणि मलनिस्सारण आकार धरून सुमारे ४३० रुपये भरावे लागत. एक हजार लिटर पाण्याने पडणारा हा फरक घरमालक भाडेकरूंमध्ये वाटून टाकतो आणि सवलतीचे नाव ऐकूनही भाडेकरूच्या हाती काहीच लागत नाही.

याच्या उलट, श्रीमंत वसाहतीतील प्रशस्त सदनिकेत राहणाऱ्या दोघांच्या कुटुंबाचा वापर मर्यादेच्या आत राहू शकतो आणि त्यांचेही बिल माफ होते. योजनेत उत्पन्न विचारले जात नाही, केवळ वापर मोजला जातो. कमी पाणी वापरणारा तो गरीब, असे गृहीतक त्यामागे आहे. प्रत्यक्षात पाण्याचा वापर उत्पन्नाइतकाच घरातील माणसांच्या संख्येवरही अवलंबून असतो. इंग्लंडमधील ‘वॉटरशुअर’ या योजनेत ही गोष्ट ध्यानात घेतली गेली. तेथे सरकारी साह्य घेणाऱ्या आणि घरात तीन किंवा अधिक मुले असणाऱ्या, अथवा आजारपणामुळे अधिक पाणी लागणाऱ्या मीटरधारक कुटुंबांच्या बिलाला कमाल मर्यादा घालण्यात आली. मोठे कुटुंब हे तेथे सवलत गमावण्याचे नव्हे, तर मिळण्याचे कारण ठरले.

बिल नसलेल्यांचा खर्च

या सर्व चर्चेत मीटर असलेल्या घरांचाच विचार होतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दिल्ली जल बोर्डाच्या कारभाराविषयी सादर केलेल्या अहवालात शहरातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना नळाचे पाणी मिळत नसल्याचे नमूद केले होते. टँकरने त्यांना मिळणारे पाणी सरासरी माणशी दररोज चार लिटरांहूनही कमी भरत होते. राजधानीच्या अनधिकृत वसाहतींत त्यानंतर बऱ्याच जलवाहिन्या टाकल्या गेल्या. तरीही संगम विहारसारख्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकरभोवती जमणारी गर्दी हे दृश्य दरवर्षीचेच राहिले.

या कुटुंबांना पाणी फुकट मिळते, असा एक गैरसमज आहे. सरकारी टँकर मोफत असला, तरी तो केव्हा येईल याची खात्री नसल्याने घरातील एका व्यक्तीला, बहुधा स्त्रीला किंवा मुलीला, वाट पाहत थांबावे लागते. तिचा बुडालेला रोज किंवा चुकलेली शाळा कोणत्याही बिलावर छापली जात नाही. सरकारी पाणी पुरले नाही की खाजगी टँकर, कॅन किंवा शेजाऱ्याचा नळ हे मार्ग उरतात, आणि तेथे दर ठरवणारा कोणी नियामक नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००६ च्या मानव विकास अहवालात हीच बाब जगभरच्या शहरांविषयी मांडली होती. झोपडपट्टीतील माणूस त्याच शहरातील सधन माणसापेक्षा एका लिटरमागे अनेकदा पाच ते दहा पट अधिक किंमत मोजतो, असे त्या अहवालाचे निरीक्षण होते.

जागतिक बँकेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. विविध देशांतील पाणी आणि विजेच्या अनुदानांची तपासणी केल्यावर असे आढळले, की वापराच्या प्रमाणावर आधारलेल्या सवलतींचा मोठा वाटा गरीब नसलेल्या घरांत जातो. गरिबांकडे जोडणीच नसणे हे त्याचे मुख्य कारण होते. त्या तुलनेत नवी जोडणी घेण्यासाठी दिलेले साह्य गरिबांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.

दिल्ली सरकारने या दिशेने एक पाऊल टाकले होते. नवी जोडणी घेताना भराव्या लागणाऱ्या विकास शुल्काची रक्कम भूखंडाच्या आकारानुसार हजारो रुपयांच्या घरात जात असे. २०१९ मध्ये हे शुल्क रद्द करून २,३१० रुपयांत जोडणी देण्याचे जाहीर झाले. मोफत पाण्याच्या घोषणेला जेवढी प्रसिद्धी मिळाली, त्याच्या अल्पांशानेही या निर्णयाला मिळाली नाही. गरिबाच्या दृष्टीने मात्र तो अधिक मोलाचा होता, कारण जोडणी मिळाल्याखेरीज पुढच्या सवलतीचे दारच उघडत नाही.

थकबाकीचे ओझे

मोफत पाण्याच्या योजनेनंतरही दिल्लीत थकबाकीचा प्रश्न सुटला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने वसाहतींच्या वर्गवारीनुसार थकबाकी माफ केली. कनिष्ठ वर्गातील वसाहतींना पूर्ण, तर उच्च वर्गातील वसाहतींना अंशतः माफी मिळाली. पुढे २०२३ मध्ये सरकारनेच सांगितलेल्या आकड्यांनुसार सुमारे २७ लाख ग्राहकांपैकी ११ लाखांहून अधिक ग्राहकांची बिले थकलेली होती. चुकीचे वाचन आणि वाढीव बिले यांविषयी असंख्य तक्रारी होत्या. त्यासाठी आखलेली एकरकमी तडजोडीची योजना सरकार आणि प्रशासन यांच्यातील वादात अडकली. २०२५ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाले आणि भारतीय जनता पक्षाच्या सरकारनेही ऑक्टोबरमध्ये थकबाकीवरील विलंब आकार माफ करण्याची योजना जाहीर केली.

पक्ष बदलला तरी उपाय बदलला नाही, यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वारंवार द्यावी लागणारी माफी ही मूळ बिलव्यवस्थेतील दोषाची कबुली असते. मीटरचे वाचन वेळेवर व अचूक झाले, तक्रारीची दखल त्याच महिन्यात घेतली गेली आणि रक्कम हप्त्यांत भरण्याची सोय असली, तर थकबाकी इतकी साचत नाही. माफीची वाट पाहणाऱ्याचा लाभ होतो आणि पोटाला चिमटा घेऊन वेळेवर बिल भरणारा मूर्ख ठरतो, ही भावना कोणत्याही सार्वजनिक सेवेला घातक आहे.

हैदराबाद आणि मुंबई

हैदराबादमध्ये महानगरपालिका निवडणुकीतील आश्वासनानुसार जानेवारी २०२१ मध्ये वीस हजार लिटरची योजना सुरू झाली. दिल्लीच्या अनुभवातून तेथे दोन सुधारणा करण्यात आल्या. मर्यादा ओलांडल्यास केवळ जादा पाण्याचे पैसे आकारण्याचे ठरले आणि झोपडपट्ट्यांतील जोडण्यांना मीटरच्या अटीतून वगळण्यात आले. एका लिटरने संपूर्ण सवलत जाण्याचा धोका त्यामुळे टळला. मात्र जोडणीच नसलेल्या कुटुंबाचा प्रश्न तेथेही योजनेबाहेरच राहिला.

मुंबईचा इतिहास वेगळा आहे. बृहन्मुंबई महापालिका झोपडपट्ट्यांना इमारतींपेक्षा कमी दराने पाणी देते. परंतु जोडणी कोणाला द्यायची हा प्रश्न तेथे दीर्घकाळ झोपडीच्या वयाशी बांधला गेला होता. १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळ नाकारला जात असे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. पाण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे आणि घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात, नियमानुसार राहणाऱ्यांइतकाच हक्क या रहिवाशांना सांगता येणार नाही आणि त्यांच्याकडून अधिक दर घेण्याची मुभा महापालिकेला राहील, असेही त्या निकालात होते. म्हणजे ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याचा हक्क मान्य होतानाही दर चढा राहण्याची वाट मोकळी राहिली. महापालिकेने २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण स्वीकारले, ते या निकालानंतर सुमारे साडेसात वर्षांनी.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक जोडणी अनेक कुटुंबांना मिळून घ्यावी लागते. बिल एकत्र येते, वर्गणी काढावी लागते आणि एखाद्याने पैसे दिले नाहीत, तर सर्वांच्या पाण्यावर संकट येते. सवलतीची रक्कम ठरवताना अशा सामायिक नळामागील कुटुंबांची संख्या मोजली नाही, तर न्याय होत नाही.

परदेशातील अनुभव

पाण्याचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २००० साली क्वाझुलू-नाताल प्रांतात कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि एक लाखाहून अधिक लोकांना लागण झाली. पाण्यासाठी पैसे मागितल्यामुळे अनेक कुटुंबे नदीनाल्यांच्या पाण्याकडे वळली होती, अशी तीव्र टीका तेव्हा झाली. २००१ पासून तेथे प्रत्येक कुटुंबाला दरमहा सहा हजार लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण अमलात आले. आठ माणसांचे कुटुंब धरल्यास हे पाणी माणशी दिवसाला २५ लिटर होते.

जोहान्सबर्गने सोवेटोतील फिरी या वस्तीत आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसवले. मोफत पाणी संपले की नळ आपोआप बंद होई. लिंडिवे मझिबुको आणि अन्य रहिवासी याविरुद्ध न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये माणशी ५० लिटर, तर अपील न्यायालयाने पुढील वर्षी ४२ लिटर पाणी मोफत देण्यास सांगितले. परंतु घटना न्यायालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये नगरपालिकेचे धोरण वैध ठरवले आणि पाण्याचे नेमके प्रमाण ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही, अशी भूमिका घेतली. मात्र खटला चालू असतानाच नगरपालिकेने गरीब म्हणून नोंद झालेल्या कुटुंबांसाठीचे मोफत पाणी वाढवले होते. पुढे २०१७ मध्ये जोहान्सबर्गने सर्वांना मोफत पाणी देणे थांबवून ही सवलत नोंदणीकृत गरीब कुटुंबांपुरती ठेवली.

चिलीने १९८९ च्या कायद्याने आरंभीच निराळा मार्ग धरला. तेथे पाण्याचे दर खर्चाच्या पातळीवर आणले गेले आणि त्याच वेळी गरीब कुटुंबांच्या बिलाचा काही भाग सरकारने भरण्याची तरतूद झाली. कुटुंबांची निवड स्थानिक पालिका सामाजिक-आर्थिक पाहणीवरून करते आणि सवलत थेट बिलातून वजा होते. अर्थात, बहुसंख्य शहरी घरांत त्याआधीच नळ पोहोचलेले असल्यामुळे चिलीत ही पद्धत यशस्वी ठरली.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हा प्रश्न आहे. डेट्रॉइट शहरात २०१४ मध्ये थकबाकीमुळे हजारो घरांचे पाणी तोडले गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला. करोनाच्या साथीत अमेरिकी संसदेने प्रथमच गरिबांच्या पाणीबिलांसाठी सुमारे १.१ अब्ज डॉलरचे साह्य मंजूर केले. पण तो तात्पुरता उपाय होता. निधी संपला तशी योजनाही गुंडाळली गेली. फिलाडेल्फिया शहराने २०१७ पासून लागू केलेली पद्धत अधिक टिकाऊ आहे. तेथे गरीब कुटुंबाचे बिल त्याच्या उत्पन्नाच्या सुमारे दोन ते चार टक्क्यांपर्यंत सीमित केले जाते.

गावांपुढील प्रश्न

भारताच्या ग्रामीण भागात हा प्रश्न आता नव्या रूपात उभा राहत आहे. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, तेव्हा सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी जेमतेम सव्वातीन कोटी घरांत नळ होते. २०२५ च्या आरंभापर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली.

नळ बसला म्हणजे पाणी आले, असे होत नाही. पंपाचे वीजबिल, दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन यांसाठी ग्रामपंचायतीला पाणीपट्टीवरच विसंबावे लागते. ती वसूल झाली नाही की वीज तुटते आणि गरीब-श्रीमंत सर्वांचेच नळ कोरडे पडतात. येथे सर्वांना माफी देण्याची घोषणा योजनाच बुडवू शकते, तर सक्तीची वसुली शेतमजूर कुटुंबाला पुन्हा विहिरीवर पाठवू शकते. ज्यांना पाणीपट्टी खरोखर झेपत नाही अशी मोजकी घरे ग्रामसभेने ठरवावीत आणि त्यांचा वाटा राज्याने थेट ग्रामपंचायतीला द्यावा, हा मार्ग त्यातल्या त्यात व्यवहार्य दिसतो.

पुढची दिशा

सवलतीला विरोध करणारे नेहमी तिजोरीवरील भाराचा मुद्दा मांडतात. तो निराधार नाही. पण दिल्लीत शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे निम्म्या पाण्याचा महसूल गळती, चोरी आणि सदोष मोजणी यांमुळे मिळतच नाही, हेही त्याच तिजोरीचे वास्तव आहे. गरिबाच्या सवलतीवर बोट ठेवताना या नुकसानीकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही.

देशोदेशीच्या अनुभवातून मदतीचा एक क्रम सुचतो. सरकारी पैशावर पहिला हक्क जोडणी नसलेल्या कुटुंबांचा असावा आणि घराच्या मालकीची वा वयाची कागदपत्रे नळाच्या आड येऊ नयेत. त्यानंतर बिलातील सवलत देताना माणसांची संख्या आणि सामायिक जोडणी विचारात घ्यावी. मर्यादा ओलांडणाऱ्याकडून केवळ जादा पाण्याचे पैसे घ्यावेत. थकबाकीसाठी दर निवडणुकीला माफी देण्याऐवजी हप्त्यांची आणि तक्रार निवारणाची कायम व्यवस्था असावी.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव संमत केला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. त्या मताला जागायचे, तर मोफत पाण्याच्या योजनेचे यश शून्य बिलांच्या संख्येवरून ठरवून चालणार नाही. टँकरची वाट पाहणाऱ्यांची रांग दरवर्षी किती कमी झाली, हा आकडाही सरकारांनी अर्थसंकल्पासोबत जाहीर करायला हवा.